नवरदेवाने हलायचं नाही

“पोरा, तिला माझ्या बाहुलीपासून लांब ठेव,” विल्फ्रेड ऑर्मरॉड म्हणाला. “आयुष्यात पहिल्यांदाच काही मागतोय.”

हे खरं नव्हतं. पण दिग्दर्शक लायोनेलला मँचेस्टरच्या त्या बाहुल्यांच्या मालिकेच्या स्टुडिओत येऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

‘तिला’ म्हणजे एनिड थ्रेलफॉलला. एनिड तिथेच बसून आपल्या बाहुलीचे डोळे फडक्याने पुसत होती.

“दाताच्या डॉक्टरच्या प्रसंगापासून बघतोय,” विल्फ म्हणाला. “माझा बिचारा खुर्चीत बसला, की हिची बाहुली त्याच्या मांडीवर. बसमध्ये त्याच्या खांद्यावर डोकं टाकून घोरली. नाताळात तर दोघं एकाच मफलरमध्ये. लोकांनी बघायचं कोणाला?”

“मला एकटीला भीती वाटते,” एनिड म्हणाली आणि तिने तिसरा डोळा पुसायला घेतला.

एरवी विल्फ हसला असता. पण वर काचेआड निर्माते येऊन बसले होते. पुढच्या मालिकेत कोण राहणार आणि कोणाला निरोपाचा केक मिळणार, हे याच आठवड्यात ठरायचं होतं. एनिडची नजर आपल्या जागेवर आहे, अशी विल्फची खात्री झाली होती. नाहीतर एवढी गुणी बाई दोन वर्षं दुसऱ्याच्या बाहुलीला वेलीसारखी कशाला लटकेल?

आणि विल्फला आपली जागा सोडायची नव्हती. घरी हल्ली चहाचा कप बशीवर वाजायचा. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नसत. पण हात बाहुलीत गेला की थरथर थांबायची. पडद्यावर ती आजवर एकदाही दिसली नव्हती. ती बाहुली हाच आपल्यावरचा उपाय आहे, असं त्याने मनाशी धरलं होतं.

“ठीक आहे,” लायोनेल म्हणाला. “आजच्या मागणीच्या विधीतच घालू. लग्न जुळेपर्यंत शिवायचं नाही. एनिड, तू लापशी लांब दांड्याच्या पळीने ओत.”

एनिडने विल्फकडे पाहिलं. मग ती लांब दांड्याची पळी शोधायला उठली.

प्रसंग होता परग्रहावरच्या मागणीचा. नवरदेव वुर्ब, म्हणजे विल्फची बाहुली, खडकावर उभा राहतो. नवरी म्लीना, म्हणजे एनिडची, त्याच्याभोवती फिरते. ती त्याच्या डोक्यावर लापशी ओतते, कानात नाकाने तुतारी वाजवते, त्याचा एक डोळा काढून चावून बघते आणि ताजा निघाला तर परत लावते. एवढं सगळं होईपर्यंत नवरदेवाने हलायचं नाही. हलला, तर त्याला सासू खाते. त्या ग्रहावर सासवा धष्टपुष्ट असतात.

विल्फ आणि एनिड उंच मंचाखाली बसले. हात वर, बाहुलीत. नजर समोरच्या छोट्या पडद्यावर, जिथे कॅमेऱ्यातल्या बाहुल्या दिसतात. आपली नजर पडद्यावरून ढळली की बाहुलीची नजर फिरते. म्हणून ही मंडळी एकमेकांशी बोलतानाही पडद्याकडे बघूनच बोलतात. विल्फच्या बायकोला घरीसुद्धा याचा त्रास होई.

चित्रण सुरू झालं. वुर्ब खडकावर उभा राहिला.

आणि हलला.

आधी डोक्यावरच्या शेंड्या थरथरल्या. मग तिन्ही डोळे. मग सगळा वुर्ब, जोरात ट्रक गेल्यावर खिडकी हलते तसा.

“थांबा,” लायोनेल म्हणाला. “विल्फ, तुम्ही त्याला घाबरलेला दाखवताय का? घाबरायचं नाहीये. तो दगड आहे.”

“खडक डगमगतोय,” विल्फ म्हणाला.

सुताराने खडक तपासला. खडक पक्का होता. सुताराला वाईट वाटलेलं दिसलं.

दुसऱ्यांदा सुरुवात झाली. विल्फने श्वास रोखला. डाव्या हाताने उजवा दंड धरला, तर दोन्ही हात थरथरू लागले. म्लीनाची पळी अजून अर्ध्या वाटेत होती. कॅमेऱ्याच्या बाजूला कोणीतरी हसलं, पण विनोदाला हसतात तसं नाही. काचेआड एक माणूस दुसऱ्याच्या कानाशी वाकला.

विल्फ पडद्याकडे बघत राहिला. म्लीना वुर्बपासून हातभर लांब उभी होती. मधे रिकामी जागा होती. अशी जागा त्याने त्या पडद्यावर यापूर्वी कधी पाहिली होती, ते तो आठवू लागला. बसमध्ये नव्हती. नाताळात नव्हती. दोन वर्षांत कुठेच नव्हती.

“विल्फ,” लायोनेल हळू आवाजात म्हणाला, “आपण जरा थांबू या का?”

“नको.” विल्फने घसा साफ केला. “पोरा, तुझा विधी चुकलाय. त्या ग्रहावर नवरदेवाला एकट्याने उभं करत नाहीत. नवरीने त्याचा खांदा धरायचा असतो.”

“पण तुम्हीच तर—”

“मी बोललो ते विसर. म्हातारा माणूस आहे.” मग तो पडद्याकडेच बघत म्हणाला, “एनिड, एवढी ऐसपैस कशाला बसलीस? मधे काय गाय बांधायचीय? सरक इकडे.”

एनिड सरकली. तिचा खांदा विल्फच्या खांद्याला टेकला. वर म्लीनाचा हिरवा पंजा वुर्बच्या खांद्यावर आला आणि घट्ट बसला.

वुर्ब दगडासारखा उभा राहिला. लापशी ओतली गेली. तुतारी वाजली. डोळा निघाला, चावला गेला, ताजा निघाला, परत लागला. वुर्ब हलला नाही. या वेळी सगळे हसले, काचेआडचेही.

मंचाखाली विल्फने ओठ न हलवता विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

“दाताच्या डॉक्टरपासून,” एनिड म्हणाली. “पडद्याकडे बघ.”