एकतिसावी सही

टेबलावर एकतीस संमतिपत्रं होती. तिसांवर सह्या झाल्या होत्या. एकतिसावं बहिणीसमोर होतं आणि त्याच्याशेजारी कंपनीचं नाव छापलेला कोरा करकरीत मग. सही करणाऱ्या प्रत्येकाला असा एक मग घरपोच मिळाला होता.

मत्स्यशेतीच्या तळ्यांवर लक्ष ठेवणारा तो प्रोग्राम एकतीस जणांनी मिळून फुकट लिहिला होता. कोणीही घ्यावा, बदलावा, वापरावा. आता भावाला तो कुलूपबंद करून विकायचा होता, आणि त्यासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती लागत होती. समोर गुंतवणूकदार बसला होता. त्याला विमान गाठायचं होतं.

भाऊ बराच वेळ बोलला. हे सगळे लिहिणारे म्हणजे आपलं घर, असं तीनदा म्हणाला. घरातल्या चौघांची नावं सांग, असं बहिणीने म्हटल्यावर त्याने कागद चाळायला घेतले.

प्रोग्राम उघडाच राहू दे, पाण्याचं तापमान मोजणारे सेन्सर बसवून द्यायचे, दुरुस्तीचे, शिकवायचे पैसे घे, धंदा वीस वर्षं चालेल, असं तिने सुचवलं. तो गुंतवणूकदाराकडे बघून हसला. ताईला पंक्चरचं दुकान काढून हवंय, म्हणाला.

गुंतवणूकदाराने घड्याळ पाहिलं.

"ताई, आता पुरे. तीस हजार ओळींत तुझ्या किती? चौदा."

"मग काढून टाक. ओळी नसतील तर सहीही नको."

"रागावू नकोस गं."

"रागावले नाही. त्या काय करतात, वाचलंस कधी?"

"चौदा ओळींत तू असे काय दिवे लावले असशील?"

ती सांगायला लागली. सेन्सर स्वस्तातला, अधूनमधून अडखळतो, मग भलताच आकडा पाठवतो, तो ओळखून गाळायचा असतो. भावाने तिला हातानेच थांबवलं. सेन्सर त्यानेच निवडला होता.

त्याने बाही सावरून, मोजून चौदा ओळी खोडल्या. पडदा गुंतवणूकदाराकडे वळवला आणि नमुन्याच्या टाकीत सेन्सर सोडला. मासे निवांत फिरत होते.

पहिली नोंद सव्वीस अंश. दुसरी सव्वीस.

"बघा," भाऊ म्हणाला, "कोणावाचून काही अडत नाही."

तिसऱ्या नोंदीत पाण्याचं तापमान उणे एकशे सत्तावीस अंश होतं.