सेकंदाला एक फ्रेम

सासऱ्यांना ऐकू कमी येतं आणि कानाचं यंत्र लावायचं नाव ते काढत नाहीत. म्हणून त्यांच्या लग्नाच्या पन्नाशीची फिल्म सुनेने सबटायटल्ससकट बनवली. कोणतं वाक्य कितव्या सेकंदाला येतं ते तिने काढलं आणि त्या सेकंदाला व्हिडिओची कितवी फ्रेम येते ते मोजून देणारा प्रोग्राम दिराने लिहिला.

"वहिनी, डोळे मिटून वापरा," तो म्हणाला. तिने तसंच केलं.

व्हिडिओत सेकंदाला चोवीस फ्रेम होत्या, पठ्ठ्याने पंचवीस धरल्या होत्या. भर हॉलमध्ये फिल्म सुरू झाली आणि सबटायटल्स हळूहळू मागे पडत एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडाखाली यायला लागलं. पडद्यावर शेजारीण आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं कौतुक करून गेली. मग सासूबाई आल्या. "या माणसाने जन्मात कधी ओला टॉवेल दोरीवर टाकला नाही," असं त्या तावातावाने सांगत होत्या आणि खाली शेजारणीची वाक्यं उमटत होती: 'भुंकतो फार, पण चावत नाही. त्याच्याशिवाय घर खायला उठतं.'

हॉलमध्ये हशा पिकला. सुनेने दिराकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं. सासऱ्यांनी मात्र चष्मा काढून डोळे पुसले आणि सासूबाईंचा हात घट्ट धरला.



"एकेरीत का होईना, पण चार माणसांत माझ्याबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोललीस गं!"