लहरींचा त्रास

थोरल्या मुलाकडे कॅनडात राहायला जाण्याआधी आनंदाबाई आपल्या दंडावरची इवलीशी त्वचा लेकीच्या प्रयोगासाठी देऊन गेल्या. त्या त्वचेपासून वाढवलेल्या पेशी आता वर्ध्याच्या प्रयोगशाळेत दोन डब्यांत होत्या. एका डब्यात मोबाइलच्या लहरी सोडलेल्या, दुसऱ्यात नुसती शांतता. सुरभी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावी, तेव्हा गुलाबी द्रवात त्या लांबट पेशी धाम नदीतल्या मासोळ्यांसारख्या पहुडलेल्या दिसत. आई सातासमुद्रापार गेलेलीच नाही, इथेच उबेत निजली आहे, असं तिला वाटे.

फोनवर आई आधी त्या पेशींबद्दल विचारी, “कशा आहेत व माह्या पोरी?”

“मजेत आहेत.”

“अन् तू?”

सुरभी सांगायला लागली, की आई घाईघाईनं म्हणे, “ठेव, ठेव. फोन कानाले लावून बसू नोको. त्या लहरी लय वाईट असतात.”

आईनं मनसोक्त बोलावं, म्हणूनच तर सुरभीनं हा प्रयोग मनावर घेतला होता.

आज निकाल हाती आला. दोन्ही डब्यांतल्या पेशींत काही फरक दिसला नव्हता. सुरभीनं लगेच फोन लावला.

“आई, तुह्या पोरींले काहीच झालं नाई! निदान या प्रयोगात तरी. आता बोल पोटभर.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“मंग आता मले रडू आलं का, मी काय सांगून फोन ठेवू व?”