भुसकटाची भिंत

केरबानं थापी घमेल्यात टाकली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मी ह्याला हात लावणार न्हाई."

'ह्याला' म्हणजे सख्ख्या नातीनं पाडलेल्या विटांना. धम्मप्रियानं लातूरला बांधकामाचा डिप्लोमा केला आणि औशाजवळच्या आपल्या गावी येऊन सोयाबीनचं भुसकट, चुना आणि थोडं सिमेंट कालवून विटा पाडायला घेतल्या. भुसकटाला गावात तोटा नव्हता, लोक ते शेतातच पेटवून मोकळे व्हायचे. तोटा होता गिऱ्हाइकाचा. म्हणून तिनं आजा-आजीसाठी अंगणात खोली काढली होती. सिमेंटचे चार खांब उभे होते, मधल्या भिंती तेवढ्या बाकी होत्या.

बघायला आलेल्या किशनरावांनी सकाळीच सांगितलं होतं, "केरबा मिस्त्रीनं भिंत उचलली तर माझ्या गोठ्याला बी हीच वीट." सगळं गाव असंच म्हणत होतं. भिंतीच्या बाबतीत केरबाचा शब्द शेवटचा.

आणि केरबा बाजेवर पाय पसरून रेलला होता. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, तो कशाला ऐकतोय!

"भिंतीचा दगड कसा, दोघांनी मिळून उचलावा असा पायजे. ही वीट हाय का भाकर?"

लोक खो खो हसले. धम्मप्रियाला मात्र रडूच कोसळायचं बाकी होतं. घरचाच मिस्त्री नको म्हणाला, तर उद्यापासून विटांचं मशीन बंद.

"आबा, कॉलेजात तपासून आणलीय. भक्कम हाय."

तेवढ्यात केरबाची बायको चांगुणाबाई चहा घेऊन आली. ताट खाली ठेवून तिनं एक वीट उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"ही अंगावर पडली तर?"

"पडणार न्हाई आजी. शंभर वर्षं न्हाई."

"तुझा आजा बी असंच म्हणला व्हता, त्याच्या दगडी भिंतीला." लोक पुन्हा हसले. चांगुणाबाई हसली नाही. "मी इचारायले, पडली तर?"

चांगुणाबाई सरळ बाजेपाशी गेली आणि तिनं ती वीट नवऱ्याच्या छातीवर ठेवली.

"अगं, काय करायलीस?"

"गप पडा. भूकंपात तुमची ती भक्कम भिंत पडली, तवा हितंच दगड व्हता. मी जीव तोडून ओढला, पर तसूभर हलला न्हाई. चार गडी गोळा होईस्तोवर मी नुसती तुमच्या तोंडावरची माती पुसत बसले."

हसणं थांबलं. त्र्याण्णव सालची ती पहाट गावात कुणाला सांगावी लागत नाही. केरबा वाचला होता, पण त्या घटकाभराबद्दल बायको आजवर एक शब्द बोलली नव्हती.

चांगुणाबाईनं वीट एका हातानं अलगद उचलली. डोळे भरले होते, तरी ती हसत होती.

"बघा. आता मी एकटी बास हाय."

केरबा उठून बसला. घमेल्यातली थापी त्यानं पुन्हा हातात घेतली. मग त्यानं नातीला हाक मारली.

"दोरी ताण गं पोरी. तुझ्या आजीला एकटीला उचलता यावी, अशी भिंत बांधायची हाय."