शंभर माशांची वही

"अगं शेपटी, शेपटी! गेला बघ."

मासा गेला होताच. रामघाटाच्या पायरीवर कल्पना ब्रश हवेत धरून बसली होती आणि कागदावर अर्धाच रोहू होता.

"बाबा, तो थांबतच नाही, तर मी काय करू?"

"मासा कधी थांबतो का? दोन मिनिटं मिळतात. आधी पाठीची रेघ, मग शेपटी, डोळा शेवटी. खवले मोजत बसायचं नाही." भय्यासाहेबांनी डाव्या हातानं मूठभर परमल, म्हणजे आपले चुरमुरे, पाण्यात टाकले. उजवा हात शालीखाली मांडीवर पडून होता. "चल, दुसरा कागद घे."

भय्यासाहेब म्हणजे कल्पनाचे सासरे, पस्तीस वर्षं ड्रॉइंगचे मास्तर. शंभर माशांची वही करायची हे त्यांचं निवृत्तीनंतरचं खूळ. पोस्टकार्डाएवढा कागद, जलरंग, एका माशाला दोन मिनिटं. एकतीस मासे झाले आणि चैत्रात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. देवास गेटच्या बँकेत कल्पनानंच त्यांना नेलं होतं, सहीच्या जागी अंगठा लावायला. मास्तरांचा अंगठा शाईत बुडवताना तिला रडू आवरलं नाही.

तेवढंच तिचं बाहेर पडणं. सौरभ, तिचा नवरा, भय्यासाहेबांचा एकुलता एक, गेला तेव्हापासून माधव नगरच्या घरात तिची खोली आणि स्वयंपाकघर, बस. खिडकीचा पडदासुद्धा ती सारत नसे.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भय्यासाहेब तिच्या दारात येऊन उभे राहिले.

"वही अर्धी राहिली तर मला सुखानं मरण यायचं नाही. मी सांगतो, तू काढ. शंभर झाले की पुन्हा म्हणून त्रास देणार नाही."

आता याला नाही कसं म्हणायचं?

पहिले दहा मासे नुसत्या भेंड्या होत्या. भय्यासाहेबांनी त्यातलीही एक भेंडी वहीत चिकटवायला लावली. पुढे रोज चार-पाच काढायचे आणि बरा असेल तो ठेवायचा, असं सुरू झालं. एकदा एका कतल्यानं शेपटी मारून भय्यासाहेबांचा चष्मा भिजवला, तेव्हा कल्पना खळखळून हसली. मग दिवसभर स्वतःवरच चिडून बसली. सौरभ नाही आणि आपण हसतो कशा?

सकाळी पिशवी तयार असायची. पेन्सिलींना ब्लेडनं काढलेली लांब टोकं, कागद काठोकाठ सारखे कापलेले. कामवाल्या जयूबाईचा हात इतका साफ असेल, असं कल्पनाला वाटलं नव्हतं. व्यायाम करून घ्यायला केदार डॉक्टर आले की भय्यासाहेब दार लावून घेत. "पडलेला हात सुनेनं काय बघायचा?" म्हणत. कल्पना दाराबाहेर उभी राहून महाकालला विनवायची, बाकी काही नको, बाबांचा हात तेवढा दे. याआधी त्याच्याकडे तिनं सौरभला मागितलं होतं, ते त्यानं ऐकलं नव्हतं. तरी मागत होती बिचारी.

त्या दिवशी नव्याण्णवावा मासा झाला. छान झाला. कल्पनानं वही उंच धरून दाखवली.

"एकच राहिला बाबा."

"हो ना." भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. "पण कासवं आहेत की घाटावर. ती कोण काढणार?"

"शंभर मासे म्हणाला होतात."

"म्हणालो होतो गं. पण हात कुठे आलाय अजून?"

कल्पनाला भरून आलं. तिनं विषय बदलला. "नोव्हेंबर संपत आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय ना बँकेत?"

"बघू, बघू. ब्रश धुऊन ठेव आधी."

म्हणजे विसरले, असं तिनं ओळखलं. दुपारी ती एकटीच ऑटो करून बँकेत गेली. काउंटरवर रमेश नावाचा क्लार्क होता.

"भैया, हमारे ससुरजी का हाथ काम नहीं करता. अंगूठा लेने कोई घर आ सकता है क्या?"

रमेशनं नाव विचारलं आणि मान वर केली. "मास्साब? वो तो सोमवार को खुद आए थे. साइन कर गए."

"साइन? उनका तो अंगूठा लगता है. मैं ही लेकर आई थी."

"अंगूठा तो उन्होंने कब का हटवा दिया, मॅडम. ये देखिए अर्जी."

त्यानं फाइल तिच्याकडे वळवली. रेषेवर बसवलेलं टपोरं अक्षर: 'मेरा दाहिना हाथ अब पूरी तरह ठीक है. कृपया अंगूठे की जगह मेरे हस्ताक्षर माने जाएँ.' खाली सही, एका दमात केलेली, आणि त्याखाली राखीच्या आदल्या दिवसाची तारीख. गणपती तेव्हा बसायचे होते, आणि भय्यासाहेब वही घेऊन तिच्या दारात यायचे होते.