पेअरिंग होईना

समोरच्याचं बोलणं फोन पकडणार आणि ब्लूटूथवरून कानातल्या मशीनमध्ये मोठ्याने सोडणार. दीपकने आबांसाठी मुद्दाम आणलेलं ते मशीन आज फोनला जोडलंच जाईना. समोर बिल्डरचा माणूस आबांची लालबागची खोली सोडल्याचा कागद घेऊन बसलेला. दीपकने ब्लूटूथ बंद करून चालू केलं, यादीतून मशीन काढून परत जोडून बघितलं, फोन रिस्टार्ट केला. छे!

"राहू दे ना रे," तो माणूस हळूच म्हणाला. "ऐकू येत नाही तेच बरंय. चाळीच्या दुरुस्तीचा कागद आहे सांग, आणि घे सही."

दीपक जरा घुटमळला. मग पुटपुटला, "हो." पेन आबांच्या हातात देऊन त्याने कागदावर बोट ठेवलं, इथे.

आबांनी पेनाला टोपण लावलं. कानातलं मशीन काढून कागदावर ठेवलं.

"बत्तीस वर्षं गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर काढली मी. त्या खडखडाटात कोणाला काय ऐकू येणार? आम्ही एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो. पुढच्या वेळी बापाला फसवशील ना दीपक, तेव्हा 'हो' म्हणताना तोंड फिरव."