बाजारभाव

यांच्या गुडघ्यांना तीन जिने झेपेनात, म्हणून घर विकून तळमजल्यावर जागा घ्यायचं ठरलं. पण बघायला येणारा प्रत्येकजण घरातल्या उजेडाचं कौतुक करायचा आणि मग मोबाइल पुढे धरायचा. "काकू, वेबसाइट तर निम्मीच किंमत दाखवतेय!"

चूक सुधारा म्हणून मी वेबसाइटवाल्यांना चार वेळा कळवलं. शेवटी उत्तर आलं, 'तुमच्या मजल्यावर झालेल्या शेवटच्या विक्रीवरून हा अंदाज काढला आहे.'

ते वाचून एजंट वैतागला. "कुणा दीडशहाण्याने शेजारचं घर असं मातीमोल विकलं हो? तुम्हालाही बुडवलं की!"

यांनी घाईघाईने एजंटपुढे चहाचा कप सरकवला.



फुकट घ्यायला लेक तयार नव्हती, म्हणून आमचं ते शेजारचं घर आम्हीच तिला निम्म्या किमतीत दिलं होतं.